घटलेलं वजन टिकतं कशानं? सीबीटीच्या साठ वर्षांचा आढावा

बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर होसकोटे आहे. शहाजीराजांच्या बेंगळुरू जहागिरीमुळे मराठी वाचकाला हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचं असतं. आजच्या होसकोट्यात ट्रक-बसचे कारखाने आहेत, गोदामं आहेत, व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांकडे रोज ये-जा करणारी माणसं आहेत, चेन्नईला जाणाऱ्या एक्स्प्रेसवेची सुरुवात आहे. आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास दम बिर्याणीसाठी लागणारी रांग आहे. या रांगेसाठी बेंगळुरूहून माणसं रात्र जागून गाड्या काढून येतात.

त्या रांगेतल्या किती जणांना आपली साखर काठावर आहे, पोटाचा घेर वाढला आहे, हे ठाऊक असेल? बहुधा पुष्कळांना. पहाटे चारला भातावर तूप-मटण खाणं वजनाला मानवत नाही हेही ठाऊक असणार. माहितीची उणीव आता फारशी उरलेलीच नाही. मराठी घरांत तर २०१८च्या सुमाराला एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही टोकांचे सल्ले फिरत होते. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळानं आणि घरचं, पारंपरिक खा. दोन्ही बाजूंनी हिरिरीनं वाद झाले. दोन्ही मार्गांनी वजन उतरलेली माणसं आपल्या ओळखीत सापडतात. दोन्ही मार्ग सोडून दिलेली आणि वजन परत वाढलेली माणसंही सापडतात, आणि ती कितीतरी जास्त.

म्हणून खरा प्रश्न पुढचा आहे. काय खावं आणि केव्हा खावं हे ठरल्यावर ते रोज, थकलेल्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या गर्दीत, मन उदास असताना पाळायचं कसं? या प्रश्नावर गेली साठ वर्षं ज्या मानसोपचारानं काम केलं, ती बोधात्मक वर्तनोपचार पद्धती म्हणजे सीबीटी. तिच्यानं काय साधतं, काय साधत नाही, आणि आपल्याकडे ती कुणापर्यंत पोहोचते, याचा हा आढावा.

प्रश्न केवढा, आणि कुणाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३० टक्के स्त्रिया आणि ३१ टक्के पुरुष जास्त वजनाच्या गटात आले. महाराष्ट्रात हे प्रमाण चौघांत एकाच्या आसपास होतं. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यांत पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला आणि मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली.

काट्यावरचा आकडा आपल्या बाबतीत पुरेसा बोलका नसतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला पटवून दिलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांतही हेच दिसलं: वजनानं हडकुळी, पण चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे सावध व्हायला सांगतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात.

यातून एक गोष्ट आधीच स्पष्ट होते. आपला निम्मा भार जन्माआधी आणि जनुकांत ठरलेला असेल, तर वाढलेल्या वजनाला आळस किंवा हावरटपणा म्हणणं हा अन्याय आहे. मानसोपचाराचा विचार करताना हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. ‘मनाचा उपचार’ म्हटलं की दोषही मनाचाच, असा अर्थ घ्यायला आपण फार उतावीळ असतो.

पद्धत घडली कशी

सुरुवात वर्तनापासून झाली. १९६२ मध्ये चार्ल्स फर्स्टर आणि सहकाऱ्यांनी खाण्याकडे एक शिकलेलं वर्तन म्हणून पाहिलं. खाण्याला चेतवणारे संकेत असतात, खाल्ल्यावर मिळणारा दिलासा असतो, आणि ही साखळी तोडता येते, असं त्यांचं म्हणणं. १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. वर्षभरात त्यांचं वजन साधारण १२ ते २१ किलोंनी उतरलं होतं. खायची जागा एकच ठेवा, टीव्हीसमोर खाऊ नका, घास घेतला की चमचा खाली ठेवा, काय खाल्लं ते लिहा, हे आज आहारतज्ज्ञ सर्रास सांगतात ते सगळं त्या काळातलं आहे.

विचारांची बाजू दुसऱ्या वाटेनं आली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना पाहिलं की दुःखाच्या आधी मनात एक झटपट विचार चमकून जातो, आणि तो बहुतेकदा तपासलेला नसतो. या दोन प्रवाहांचा वर्तनोपचाराशी संगम झाला आणि सीबीटी उभी राहिली.

मराठीला ही परंपरा परकी नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्यांची पद्धत आत्मसात केली आणि लेखनातून, प्रशिक्षणातून ती मराठीत रुजवली. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांचं चरित्र आणि विचार मराठी वाचकांपुढे आणले. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेनं विवेकनिष्ठ विचारपद्धती दवाखान्याबाहेर शाळा-कॉलेजांत आणि कामाच्या ठिकाणी नेली. ‘मला आवडेल’ आणि ‘मला मिळालंच पाहिजे’ यांतला फरक, हट्टी मागणी आणि इच्छा यांतला फरक, मराठीत सहज बोलला जातो तो या माणसांच्या मेहनतीमुळे. खाण्याच्या प्रश्नाला नेमका हाच फरक लागतो.

प्रत्यक्षात काय करतात

एक नमुना घेऊ. होसकोट्याच्या औद्योगिक पट्ट्यात दुसऱ्या शिफ्टला काम करणारे चाळिशीतले एक मराठी सुपरवायझर आहेत अशी कल्पना करा. शिफ्ट रात्री अकराला सुटते. डॉक्टरांनी वजन सात-आठ किलो उतरवायला सांगितलंय. दिवसभर ते कडक पाळतात. दुपारी एक पोळी आणि सॅलड, संध्याकाळी नुसता काळा चहा. रात्री घरी येताना गाडी आपसूक हॉटेलसमोर थांबते.

समुपदेशक पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना काहीही बदलायला सांगत नाही. फक्त वही लिहायला सांगतो. वहीतली एक नोंद अशी येते: ‘मंगळवार, रात्री ११.४०. हॉटेल. एकटा. भूक दहापैकी नऊ. त्याआधी लाइन बंद पडली होती, साहेब बोलले. मनात आलं: दिवसभर राबायचं आणि वर बोलणीही खायची, एवढं तर माझ्या हक्काचं आहे. एक प्लेट बिर्याणी, मग अर्धी अजून. खाताना बरं वाटलं. घरी आल्यावर स्वतःचा राग आला. ठरवलं, उद्या दुपारचं जेवण बंद.’

या एका नोंदीत सगळी साखळी आहे. दुपारचं तुटपुंजं जेवण, त्यानं शिगेला पोहोचलेली भूक, कामावरचा अपमान, ‘हक्काचं’ हा विचार, खाणं, पश्चात्ताप, आणि उद्या आणखी उपास, म्हणजे उद्या रात्री आणखी भूक. मग एकेक कडी तपासली जाते. सगळ्यात आधी वर्तन: रात्री साडेआठच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये नीट बसून रागी मुद्दे आणि सारू खायचं, दुपारचं जेवण वाढवायचं. काही दिवसांत अकराची भूक नवावरून चारवर येते का, ते वहीतच दिसतं. घरी जायचा रस्ता आठवडाभर बदलून बघायचा. त्यानंतर विचार: ‘हक्काचं आहे’ यात खरं काय? थकवा खरा आहे, अपमान खरा आहे, विसाव्याचा हक्कही खरा आहे. तो विसावा बिर्याणीतूनच मिळतो का, आणि मिळतो तर किती मिनिटं टिकतो? पर्यायी विचार रुग्णाच्याच शब्दांत लिहिला जातो: ‘आज वाईट गेला. घरी जाऊन हिला सांगतो, अंघोळ करतो, झोपतो. बिर्याणी महिन्यातल्या एका रविवारी मित्रांबरोबर निवांत खाईन.’ इथे बिर्याणीवर बंदी नाही. ती चोरून, रागात, एकट्यानं खायची गोष्ट राहत नाही, एवढंच.

समज तपासायला छोटे प्रयोगही करतात. ‘पोट गच्च भरल्याशिवाय मला झोपच लागत नाही’ अशी खात्री असेल, तर आठवडाभर रात्री हलकं खाऊन झोपेची नोंद ठेवायची. निकाल वादावादीनं लागत नाही, वहीनं लागतो.

आपल्या घरांत आणखी एक कौशल्य शिकवावं लागतं: आग्रहाला उत्तर देणं. पंगतीत किंवा नातेवाइकांकडे ‘नको’ म्हणणं उद्धटपणा वाटतो, म्हणून माणूस खातो आणि नंतर कुढतो. समुपदेशनात याची चक्क तालीम घेतात. ‘वहिनी, आमटी फार छान झालीय, पण पोट भरलं. उद्याच्या डब्याला द्याल का थोडी?’ यात प्रेमाचा स्वीकार आहे आणि नकारही आहे. मुलांच्या ताटातलं उरलेलं आईनंच संपवायचं, अन्न टाकलं तर पाप लागतं, हा विचारही असाच तपासावा लागतो. अन्नाचा मान राखायचा तर मुळात कमी वाढता येतं.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’

वजनाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान करणारा विचार सर्व-किंवा-शून्य या जातीचा असतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये कॉलेजातल्या मुलींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला, आता दिवस गेलाच, मग कशाला थांबायचं?

आपल्याकडे उपास ‘मोडतो’. चुकून एक दाणा तोंडात गेला तरी मोडतो, आणि मोडला की दिवसभराचं सगळं बंधन सुटतं. श्रद्धेच्या जागी ही कल्पना ठीक आहे. आहाराला ती लावली की घात होतो. सीबीटी इथे चूक आणि पडझड यांत फरक करायला शिकवते. एक लाडू म्हणजे एक लाडू. त्यानंतरचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्यायचं. भरपाई म्हणून उपास करायचा नाही, शिक्षा म्हणून जास्त पळायचं नाही. दिवाळी, लग्नसराई, गावची जत्रा, आजारपण, बदली, हे घसरणीचे प्रसंग आधीच लिहून त्यांची तयारी करायची. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लाट यांनी मांडलेली ही पूर्वतयारी वजनाच्या उपचारातही तितकीच मोलाची ठरली आहे.

पुरावा काय सांगतो

आता कसोटीच्या प्रश्नाकडे. सीबीटीनं वजन उतरतं का?

उतरतं, माफक. कॉक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात ३६ अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यांतल्या एका तुलनेत नुसता आहार-व्यायाम एका बाजूला होता, आणि आहार-व्यायामाला सीबीटीची जोड दुसऱ्या बाजूला. जोड मिळालेल्यांचं वजन सरासरी ४.९ किलोंनी जास्त उतरलं. अमेरिकेतल्या १६८५ लोकांच्या एका अभ्यासात (२००८) आठवड्याचे सहा दिवस किंवा जास्त खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरलं. यात वहीचा प्रभाव किती आणि वही लिहिणाऱ्याच्या मुळातल्या चिकाटीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तरी इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

टिकवण्याच्या प्रश्नावर मात्र निकाल कडू आहे. ऑक्सफर्डच्या झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी वजन परत का वाढतं याचा खोल विचार करून खास सीबीटी तयार केली. अवास्तव अपेक्षा सोडायला शिकवणं, आरशातल्या शरीराशी समेट करणं, आणि वजन राखणं हेच स्वतंत्र उद्दिष्ट मानणं, असा तिचा गाभा होता. १५० स्त्रियांवर तिची चाचणी झाली. २०१० मध्ये तीन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले, तेव्हा बहुतेकींचं वजन परत वाढलेलं होतं आणि नवी पद्धत जुन्या वर्तनोपचाराहून सरस ठरली नव्हती. संशोधकांनी हे लपवलं नाही. या क्षेत्रातल्या सगळ्यात प्रामाणिक निबंधांत मी त्याची गणना करेन.

पुढे स्वीकारावर भर देणारे प्रकार आले. तीव्र इच्छा दडपू नका, ती येते-जाते हे पाहा, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्यानुसार वागा, असं ते शिकवतात. इव्हान फोरमन यांच्या २०१६ च्या चाचणीत १९० जणांपैकी असा उपचार मिळालेल्या गटाचं वजन वर्षभरात १३.३ टक्के उतरलं, नेहमीच्या वर्तनोपचारात ९.८ टक्के. फरक उत्साहवर्धक आहे, पण तो पहिल्या वर्षाचा आहे.

टिकत का नाही, याचं अर्धं उत्तर शरीरात आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेली राहतात आणि तृप्तीचा निरोप देणारी उतरलेली. शरीर गेलेलं वजन परत मागत असतं. दुसरं अर्धं उत्तर अपेक्षांत आहे. गॅरी फॉस्टर यांनी १९९७ मध्ये साठ स्त्रियांना उपचाराआधी विचारलं, किती वजन उतरायला हवं? सरासरी उत्तर होतं ३२ टक्के. वर्षाअखेर त्यांचं सरासरी १६ किलो वजन उतरलं. वैद्यकाच्या दृष्टीनं हे भरघोस यश. तरी जवळपास निम्म्या जणी, ‘एवढंच उतरलं तर निराश होईन’ असं त्यांनीच सांगितलेल्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. आपलं यश ज्यांना अपयश वाटतं, ती माणसं ते राखण्यासाठी कष्ट का घेतील?

किलोंच्या पलीकडचा नफा

एका बाबतीत सीबीटीचं स्थान निर्विवाद आहे. ताबा सुटून, थोड्या वेळात खूप, लपून, पोट दुखेपर्यंत खाण्याचे झटके हा आजार आहे. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१७ मध्ये त्यावर सीबीटीवर आधारलेला, मार्गदर्शनासह केलेला स्वाध्याय हाच पहिला उपचार सांगितला. झटके थांबतात, लाज कमी होते, माणूस पुन्हा लोकांत बसून जेवतो. वजनावर परिणाम थोडाच होतो, हे रुग्णाला आधी सांगा, असंही त्याच शिफारशीत आहे. आपल्या वजन-क्लिनिकांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. झटके असलेल्या माणसाच्या हातात कडक डाएट दिलं तर आजार वाढू शकतो. म्हणून आहाराचा तक्ता देण्याआधी दोन मिनिटं काढून हे विचारणं बंधनकारकच असायला हवं.

दुसरा नफा मधुमेहाचा. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) ३२३४ जण होते. जीवनशैलीच्या गटाला सोळा पाठांचा वर्तनोपचार मिळाला: नोंदी, अडचणी सोडवणं, नकारात्मक विचारांना उत्तर, घसरण झाल्यावर सावरणं. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. दहा वर्षांनंतर उतरलेलं वजन बहुतांशी परत आलं होतं, तरी धोका ३४ टक्क्यांनी कमीच होता. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या ५३१ जणांच्या अभ्यासात (२००६) आहार-व्यायामाच्या सल्ल्यानं धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात म्हणण्याजोगी घट न होता! काटा हलला नाही तरी साखरेला लाभ झाला. भारतीय शरीराबद्दल याज्ञिकांनी सांगितलेलं आणि चेन्नईनं मोजलेलं एकत्र ठेवलं, तर यश काट्यावर मोजण्याचा आपला हट्ट किती चुकीचा आहे ते दिसतं.

नवी औषधं आल्यावर

वजन उतरवणाऱ्या औषधांपैकी मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं होतं. एवढं नुसत्या समुपदेशनानं सहसा उतरत नाही. मग आता मानसोपचाराचं काम संपलं का?

संपलं नाही, बदललं. औषधाच्या जोडीला सघन वर्तनोपचार दिलेल्या चाचणीत घट १६ टक्के आली. म्हणजे किलोंत भर थोडीच. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच औषधाच्या पाठपुराव्यात दिसलं. भुकेचा गलका औषधानं शांत झालेला काळ म्हणजे सवयी घडवायची संधी: पुरेशी प्रथिनं, स्नायूंचा व्यायाम, झोप, आणि खाण्यावाचून मन शांत करण्याचे इतर मार्ग. ज्याला महिन्याचा खर्च परवडत नाही, त्याच्यासाठी तर वर्तनाचा मार्गच खुला आहे. औषध घेणाऱ्याला ‘सोपी वाट धरली’ असं हिणवणं मात्र थांबलं पाहिजे. चष्मा लावणाऱ्याला आपण तसं म्हणत नाही.

कुठे मिळेल, कोण देईल

होसकोट्यापासून तासा-दीड तासावर निम्हान्स आहे. १९५४ मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ म्हणून सुरू झालेली आणि १९७४ मध्ये आजचं रूप घेतलेली ही संस्था देशाला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ देते. पण तिच्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं (२०१५-१६) सांगितलं की बहुतेक मानसिक आजारांत गरजू रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचार मिळत नाहीत. नैराश्याला माणूस नाही, तिथे वजनासाठी कोण भेटणार?

वाट गोव्यानं दाखवली आहे. ‘संगत’ या संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याकरवी नैराश्यावर वर्तनाधारित समुपदेशन दिलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ४९५ रुग्णांच्या चाचणीत ते परिणामकारक ठरलं. घरच्या भाषेत, सहा ते आठ भेटींत. वजनाच्या कामालाही असंच मनुष्यबळ घडवता येईल: आशाताई, आरोग्य सेविका, कारखान्यातला आरोग्य-कर्मचारी. बेंगळुरू परिसरातल्या मराठी माणसाला डॉक्टरांशी कन्नडमधून किंवा इंग्रजीतून बोलता येतं. पण ‘माझ्या मनात काय आलं’ हे तो मराठीतच सांगतो. उदासी, चिंता फार असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत चोवीस तास मिळते. तिची सूत्रं निम्हान्सकडेच आहेत.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी वजन वाढत असेल तर आधी त्याचा विचार हवा. ट्रकांच्या महामार्गाला लागून पायी चालायला जागा नसेल, शिफ्टमुळे झोपेचं खोबरं होत असेल, कॅन्टीनमध्ये तळणच स्वस्त असेल, तर ते विचार बदलून सुटणार नाही. पदपथ आणि कॅन्टीन हे नगरपालिकेचं आणि कारखान्याचं काम आहे. ते त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवं. आणि ‘काय गं, किती सुटलीस!’ हे आपल्या घराघरांतलं स्वागत तर आजपासून बंद करता येईल. लाज वाटल्यानं माणसं बारीक होत नाहीत. लपून खातात आणि दवाखाना टाळतात.

साठ वर्षांच्या कामातून मला दिसतं ते असं. सीबीटी हे वजन उतरवण्याचं बळकट हत्यार नाही; ठरवलेलं पाळायला, मोडल्यावर सावरायला आणि स्वतःला शिक्षा न करायला शिकवणारी ती विद्या आहे. तिच्यावर उभ्या केलेल्या कार्यक्रमानं कमरेचा घेर, साखर, झोप, खाण्याचे झटके, आठवड्यातलं चालणं हे मोजावं, आणि पाच-सात टक्के घट राखणाऱ्याला यशस्वी म्हणावं. रक्तदाब पुन्हा चढला की डॉक्टर रुग्णाला रागावत नाहीत, उपचार बदलतात आणि पुढच्या महिन्याची तारीख देतात. वजन परत वाढलेल्या माणसालाही तीच वागणूक मिळायला हवी: दार उघडं, वही पुन्हा पहिल्या पानापासून, आणि दीर्घकाळ साथ देणारं कुणीतरी. होसकोट्याच्या सरकारी दवाखान्यात असो की सोलापूरच्या, एवढी सोय उभी करणं आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि आता ती मागायला हवी.